दुकानाचे नाव कुणाच्या नावावर?



आमच्या मामूंचे कागलला वर्कशॉप आहे. आमचे नाना आठवडी बाजारात बसून सुऱ्या, कात्र्या, विळ्यांना धार लावायचे. मामूंनी त्याच हुनरावर ग्राइंडिंग मशीन घेतले, पुढे लेथ घेतली, आणि आज ते कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे जॉबवर्क करतात. वर्कशॉपला नाव नानांचेच दिले. गैबी चौकातून त्यांचा टेम्पो गेला की मागच्या फाळक्यावर नानांचे नाव आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता दिसायचा.

गेल्या वर्षी एके दिवशी असरच्या नमाजनंतर पुण्याकडच्या एका कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला. ‘‘मालक, तुमच्या कार्डावरची वेबसाइट उघडली तर तीन पत्तीचा जुगार दिसतोय. नक्की तुमचीच आहे ना?’’

मामूंनी मोबाइलवर पाहिले. खरेच होते. ज्या माणसाने हयातभर लॉटरीचे तिकीट हातात धरले नाही, त्याच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात. त्या रात्री मामूंना जेवण गेले नाही. ऑर्डर जाईल याची काळजी नंतरची. ‘‘अब्बांचं नाव माझ्या हयातीत असं झालं,’’ एवढेच ते म्हणत राहिले.

झाले होते ते असे. सहा वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट करून दिली. मुलगा हुशार, नियतही चांगली. त्याने नाव नोंदवले ते स्वतःच्या ईमेलवर, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून. मामूंनी रक्कम रोख दिली. ना पावती, ना कागद. पुढे त्या मुलाला दुबईत नोकरी लागली. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि तो ईमेल कुणी उघडलाच नाही. नाव मोकळे झाले. जुगारवाल्यांनी ते रीतसर पैसे भरून घेतले. यात चोरी कुणाची म्हणायची?

आमच्या घरात घडले ते तुमच्या घरात घडू नये, म्हणून या महिन्याचा मजकूर याच विषयावर. बेकरी, केटरिंग, बुरखा-दुपट्ट्यांचे दुकान, घरगुती कांदा-लसूण मसाला, ट्रॅव्हल्स, काहीही असो, आज ना उद्या कुणीतरी सांगणारच की वेबसाइट करून घ्या. तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ओळखा.

पहिली, डोमेन म्हणजे नाव. डॉट कॉम किंवा डॉट इनने संपणारा पत्ता. दुसरी, होस्टिंग म्हणजे जागा. तुमची छायाचित्रे, दरपत्रक, मजकूर ज्या संगणकावर चोवीस तास ठेवलेला असतो, ती भाड्याची जागा. तिसरी, वेबसाइट म्हणजे त्या जागेवर उभे केलेले दुकान. दुकान मोडले तर पुन्हा बांधता येते. जागा पटली नाही तर सामान उचलून दुसरीकडे नेता येते. नाव मात्र एकदा हातचे गेले की परत मिळेलच असे नाही. आणि गंमत अशी की आपण सगळी घासाघीस दुकानाच्या रंगरंगोटीवर करतो आणि नाव कुणाच्या खात्यात आहे हे विचारतच नाही.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षे. मुदत संपली तरी ते त्याच दिवशी जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत नोंदणी करणारी कंपनी बहुधा काही दिवसांची सवलत देते. त्यानंतरचे तीस दिवस मोठा दंड भरून नाव सोडवता येते. शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग ते कुणालाही खुले होते. म्हणजे हाताशी महिना-दोन महिने असतात, पण सूचना तुमच्यापर्यंत पोहोचली तरच.

अशी चूक लहानांच्याच हातून होते असे नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायला विसरली आणि ऐन नाताळात हॉटमेल वापरणारे अनेक जण खोळंबले. एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला असा भला माणूस भेटला. मामूंना जुगारवाला भेटला.

कोर्टात दाद मागता येत नाही का, असे तुम्ही विचाराल. येते. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले की डोमेन हा नुसता पत्ता नाही, ती व्यवसायाची ओळख आहे आणि ट्रेडमार्कसारखे संरक्षण तिलाही मिळू शकते. डॉट इन नावांचे वाद निक्सी या संस्थेच्या २००५ सालच्या धोरणानुसार लवादाकडे जातात. डॉट कॉमचे वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे जातात. तिथे जीनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची फीच १५०० डॉलरपासून सुरू होते, वकील वेगळा. शिवाय समोरच्याने नाव बदनीयतीने घेतले हे सिद्ध करावे लागते. मामूंनी हिशेब केला आणि जुन्या नावावर पाणी सोडले.

म्हणून आधीच काळजी घ्यावी. ती अशी.

नोंदणीचे खाते स्वतः उघडा. काम दुसऱ्याकडून करून घ्या, पण मालक म्हणून नाव तुमचे, ईमेल तुमचा, मोबाइल नंबर तुमचा आणि पासवर्ड तुमच्या हाती. आधीच कुणाच्या खात्यात नाव असेल तर संबंध गोड आहेत तोवर मागून घ्या. दुसऱ्या कंपनीकडे नाव हलवायला एक गुप्त संकेतांक लागतो, तो नोंदणीच्या खात्यातून मिळतो. मात्र डॉट कॉमचे नाव नवे घेतल्यावर पहिले साठ दिवस हलवता येत नाही.

नाव निवडताना ते फोनवर सांगून पाहा. आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे घरागणिक वेगळी. शिकलगार लिहिताना कुणी सुरुवातीला नुसता एस लावतो, कुणी एस-एच. ऐकणाऱ्याला दोनदा विचारावे लागले तर ते नाव सोडा. मामूंनी आता डॉट इनचे आखूड नाव घेतले आहे. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत नावेही मिळतात, म्हणजे मराठी अक्षरांतला पत्ता घेता येतो. पाटीवर तो शोभतो. पण देवनागरी ईमेल अजून सगळीकडे चालत नाही, म्हणून सोबत इंग्रजी अक्षरांतले नाव असू द्या.

दर विचारताना पहिल्या वर्षाचा विचारू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा विचारा. जाहिरातीतला स्वस्त भाव बहुतेक वेळा पहिल्याच वर्षाचा असतो. होस्टिंगही साधे घ्या. चार पानांच्या वेबसाइटला सामायिक होस्टिंग पुरते. त्यात दोन गोष्टी तपासा, मजकुराची प्रत आपोआप राखली जाते का आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मोफत मिळते का. हे प्रमाणपत्र असले की माहितीची ये-जा सुरक्षित होते. २०१५ च्या अखेरीपासून ते मोफत मिळू लागले आहे, त्यामुळे कुणी त्याचे वेगळे हजारो रुपये मागितले तर कारण विचारा. मात्र प्रमाणपत्र आहे म्हणून पलीकडचा माणूस प्रामाणिक असतो असे समजू नका.

आणखी एक सावधगिरी. मुदत संपल्याचे सांगणाऱ्या फोनवर किंवा ईमेलमधल्या लिंकवर पैसे भरू नका. आपल्या खात्यात स्वतः जाऊन तारीख पाहा. पत्त्याला किती महत्त्व आले आहे ते बँकांवरून कळेल. लोकांची फसवणूक टळावी म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या राखीव पत्त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबरची मुदत दिली होती.

काही भगिनी म्हणतील, आमचे तर सगळे व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवर चालते, वेबसाइट कशाला? खरे आहे, सुरुवातीला तेवढे पुरते. पण ती जागाही दुसऱ्याची आणि पत्ताही दुसऱ्याचा. खाते बंद झाले तर गिऱ्हाईक तुम्हाला शोधणार कुठे? होस्टिंग आज घेतले नाही तरी चालेल. नाव तेवढे आज नोंदवून ठेवा. त्याचा वर्षाचा खर्च एका दावतीच्या मटणापेक्षा कमी आहे.

शेवटी मुद्द्याचे. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत. ती मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. आपण ती तिलावतीत वाचतो आणि दुकानात आलो की ‘आपलाच पोरगा आहे, लिहायचं काय त्यात’ असे म्हणतो. मामूंनी त्या मुलाला दुबईला फोन केला, तेव्हा तो रडला. त्याच्या बेइमानीचा इथे प्रश्नच नव्हता. कागद असता तर त्याच्याही डोक्यावर हे ओझे आले नसते. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. लिहिल्याने नातेही जपले जाते.

तेव्हा अर्ध्या पानाचा कागद करा. डोमेन कुणाच्या मालकीचे, होस्टिंग कुठे, मुदत कधी संपते, पैसे कोण भरणार, काम सोडताना पासवर्ड कुणाला द्यायचे. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्याची एक प्रत घरात, दुकानाच्या कागदपत्रांसोबत. आणि पासवर्ड कुठे आहे हे तुमच्याशिवाय घरातल्या आणखी एकाला, बीवीला, मुलीला किंवा मुलाला माहीत असू द्या. उद्या आपण नसलो तर वारसांना दुकानाची चावी मिळेल, पण नावाची?

तारीख लक्षात ठेवण्याची मामूंची नवी पद्धत आम्हाला आवडली. रमजानात जकातीचा हिशेब करायला वही उघडली की त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली डोमेनची तारीख ते पाहतात. पुढच्या रमजानच्या आत ती येत असेल तर तिथेच पैसे भरून टाकतात. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ही तपासणी वर्षाच्या आतच होते, कधी चुकत नाही.

टेम्पोच्या फाळक्यावरचा जुना पत्ता मामूंनी स्वतः ब्रश घेऊन पुसला आणि खाली नवा लिहून घेतला. जुन्या पत्त्यावर जुगार अजून चालू आहे. जुनी कार्डे कुणाकुणाच्या खिशात असतील, याचा हिशेब मामूंकडे नाही. तुमच्या घरात ही वेळ येण्याआधी आज इशानंतर एवढेच विचारा, आपल्या दुकानाचे नाव कुणाच्या नावावर आहे?