रक्त दिसताच 'मूळव्याध' म्हणून मोकळे होऊ नका!

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते एका विलक्षण आजारामुळे. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत मुळासकट हाती येऊ लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके गावांत पोहोचली, पाण्याचे, धान्याचे, रक्ताचे नमुने घेतले गेले. रुग्णांच्या शरीरात वाढलेले सेलेनियम आणि शिधावाटप दुकानातील गहू यांचा संबंध डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मांडला. हे सारे इतक्या तातडीने घडले, कारण टक्कल लपवता येत नाही. परंतु जे लपवता येते, ज्याविषयी घरातल्या माणसांशीही बोलण्याची चोरी वाटते, अशा दुखण्याचे काय?

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हे असेच एक झाकलेले दुखणे आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे १९ लाख लोकांना हा रोग झाला आणि ९ लाखांवर माणसे दगावली. भारतात याच वर्षी सुमारे ७० हजार नवे रुग्ण आढळले. लोकसंख्येच्या मानाने आपले प्रमाण पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी आहे, ही समाधानाची गोष्ट. पण आपले रुग्ण वैद्यांपुढे येतात ते बहुधा उशिरा, रोग पसरल्यावर. त्यांत चाळिशीच्या आतील तरुणही कमी नसतात.

वस्तुतः हा रोग मनुष्याला भरपूर अवधी देतो. आतड्याच्या आतील अस्तरावर प्रथम एक लहानसा मांसल कोंब उगवतो. त्यालाच डॉक्टर 'पॉलिप' म्हणतात. असे सर्वच कोंब घातक नसतात. परंतु ज्यांचा कर्करोग होतो, त्यांनाही सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. या अवधीत दुर्बिणीने आतडे तपासून तो कोंब खुडून टाकला, तर कर्करोग होण्याआधीच टळतो. रोग आतड्यापुरताच मर्यादित असताना सापडला, तर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. अन्यत्र पसरल्यावर मात्र हे गणित पार उलटते.

मग हा अवधी वाया का जातो? त्याचे मुख्य कारण आहे लाज, आणि त्या लाजेला सोयीचे पडणारे एक नाव: मूळव्याध. शौचावाटे रक्त गेले की घरातल्या घरात निदान होते. तिखट बंद केले जाते, चूर्ण आणले जाते. 'विनाशस्त्रक्रिया मूळव्याध-भगंदर बरे करू' अशी पाटी लावलेल्या खोलीत, कोणतीही तपासणी न होता, मलम मिळते. रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते, हे खरे. पण 'बहुतेक' या शब्दाच्या बाहेर उरणारा माणूस कोण, हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

आपली परंपरा याबाबतीत आपल्याहून अधिक चोख होती. सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्राचे वर्णन आहे. त्यात पाहण्यासाठीचे यंत्र निराळे आणि उपचारकर्मासाठीचे निराळे. म्हणजे आधी दर्शन, मग कर्म! गुदाशयाची बोटाने केली जाणारी साधी तपासणी दोन मिनिटांची असते. तिला यंत्र लागत नाही की तालुक्याबाहेर जावे लागत नाही. आपल्याकडे गुदाशयातील गाठींचे प्रमाण मोठे असल्याने तिचे मोल अधिकच आहे. ती न करता मलम देणारा मनुष्य वैद्य म्हणवून घेण्यास पात्र नाही.

दुसरा प्रश्न ताटाचा. आयर्लंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी युगांडातील अनुभवावरून १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, कोंडायुक्त, तंतुमय अन्न खाणाऱ्या समाजात हा कर्करोग विरळा आढळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृष्णवर्णीय अमेरिकनांना आफ्रिकी खेड्यातील तंतुमय आहार आणि तेथील ग्रामस्थांना अमेरिकी आहार दिला गेला. केवळ दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्याच्या अस्तराची दाहलक्षणे घटली, तर ग्रामस्थांची वाढली! आहारातील तंतूंवर आतड्यातील जिवाणू जगतात आणि त्या बदल्यात अस्तराचे पोषण करणारी द्रव्ये निर्माण करतात, असे शास्त्र सांगते.

बुलढाण्याच्या मातीला हे नवे नाही. शेगावी श्री गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठले-भाकर, कांदा आणि अंबाडीची भाजी असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, कोंड्यासह दळलेल्या कणकेत ११, तर मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत. दिवसाची गरज आहे सुमारे ३० ग्रॅमची. म्हणजे दोष गव्हाचा नाही, कोंडा चाळून फेकणाऱ्या चाळणीचा आणि मैद्याच्या पुड्यांचा आहे. वऱ्हाडातील खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि मुलांच्या डब्यात भाकरीच्या जागी बिस्किटे आली. मद्य आणि प्रक्रिया केलेले मांस ही या कर्करोगाची सिद्ध कारणे आहेत. तंबाखू, स्थूलता आणि बैठे जीवन हेही त्याचे साथीदार होत.

तथापि येथे एक सावधानता हवी. परंपरेचा अभिमान हा तपासणीला पर्याय नव्हे. भाकरी धोका कमी करते, कवच देत नाही. आयुष्यभर शाकाहारी, निर्व्यसनी राहिलेल्या माणसालाही हा रोग होतो. इसबगोल मलावरोध घालवील, गाठ विरघळवणार नाही. म्हणून शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, रक्त वा आव पडत राहिली, पोट साफ झाल्यासारखे वाटेना, वजन अकारण उतरले किंवा प्रौढ पुरुषाचे रक्त विनाकारण कमी झाले, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या न घेता तपासणीच केली पाहिजे. आई, वडील वा भावंडांना हा रोग झालेला असल्यास लक्षणांची वाटही पाहू नये.

अमेरिकेत २०२१ पासून लक्षणे नसली तरी ४५ व्या वर्षापासून तपासणीची शिफारस आहे. आपल्या शासकीय कार्यक्रमात तिशीनंतर मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचणी होते. आतडे त्यात नाही. सरसकट सर्वांची दुर्बीण तपासणी आपल्याला आज परवडणारी नसेल. परंतु रक्तस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची बोटाने तपासणी आणि ४५ पुढच्यांसाठी मळातील अदृश्य रक्ताची स्वस्त चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात निश्चितच होऊ शकते. तसा आग्रह जिल्हा परिषदेकडे धरला पाहिजे. गावोगावी आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदाब आणि साखरेबरोबर 'शौचावाटे रक्त जाते का?' हा एक प्रश्न आपल्या तक्त्यात आजच वाढवावा.

केस गेले तेव्हा दिल्ली गावात आली. पोटातले रक्त पाहायला कोणतेही पथक येणार नाही. ते ज्याचे त्यालाच दिसते, आणि ते घरात निःसंकोच सांगता येईल असे वातावरण निर्माण करणे हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. आजोबांची लाज वाचली आणि आजोबा गेले, असा सौदा कोणत्याही घराने करू नये.