हापसा मेला नव्हता

"इथं साखळी का लावली, सांग बरं?"

हापशाच्या डोक्यावरचं झाकण उघडून, ग्रीसने काळ्या झालेल्या हाताने दुरुस्तीवाल्या मामांनी मला विचारलं. मी तेव्हा मोबाइलवर रील शूट करत होते. मास कॉमची डिग्री, गळ्यात पेपरचं आयकार्ड आणि उत्तर शून्य. ज्या हापशाचं पाणी पिऊन मोठी झाले, त्याच्या डोक्यात साखळी असते हेच मला बावीस वर्षं माहीत नव्हतं.

माझं गाव पुणतांबा. तुम्हाला ते २०१७ च्या शेतकरी संपामुळे माहीत असेल, नाहीतर शिर्डीची गाडी वळते ते जंक्शन म्हणून. गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षांच्या तपानंतरही हा योगी कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. माझं तर फक्त तीन वर्षांचं मास कॉम. असो.

तर आजीच्या वस्तीवरचा हापसा तीन महिने बंद होता. "हापसा मेला, खालचं पाणी गेलं," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही त्यातच. आजी शेजारच्या वस्तीवरून डोक्यावर हंडा आणत होती. कुणी तक्रार केली नाही, कारण मेलेल्याची तक्रार कोण करतं? शेवटी कुणीतरी मामांना बोलावलं. त्यांनी एकेक पाइप वर ओढला आणि तळातल्या सिलिंडरमधून चामड्याचा एक वाटीसारखा वॉशर काढून माझ्या तळहातावर ठेवला. कडा झिजून कागदासारख्या झालेल्या. पाणी जागेवरच होतं. दट्ट्या वर यायचा, पण पाणी वॉशरच्या कडेने परत खाली निसटायचं.

आजीने तो वॉशर उलटसुलट करून पाहिला. "यवढ्यासाठी?" एवढंच बोलली. मला मान वर करता आली नाही.

आता साखळीचं सांगते. हापशाचा दांडा वरखाली होतो तेव्हा त्याचं टोक सरळ रेषेत फिरत नाही, वर्तुळाच्या तुकड्यावर फिरतं. पण बोअरमधली सळई मात्र सरळच वर यायला हवी. जुन्या बिडाच्या पंपांत दांडा आणि सळई खिळीने जोडलेले असत. दर हेलकाव्याला सळई बाजूला ढकलली जायची, भोकं मोठी व्हायची, पंप खिळखिळा व्हायचा. साखळीने हे भांडण मिटवलं. दांड्याच्या आतल्या टोकाला गोलाईचा पत्रा आहे. सायकलच्या चेनची थोरली बहीण शोभेल अशी साखळी त्याच्यावरून लपेटून खाली सुटते. दांडा कितीही झुलू दे, साखळी कायम एकाच सरळ रेषेत ओढते.

पण साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग सळई खाली कशी जाते? स्वतःच्या वजनाने. आणि तो दांडा एवढा जड, भरीव लोखंडाचा का? त्याच सळयांचं वजन तोलायला. मला वाटायचं, चोरी होऊ नये म्हणून.

आता थोडं गणित, पळून जाऊ नका. पाणी ३० मीटर खोल असेल, तर साडेसहा सेंटिमीटरहून जरा कमी रुंदीच्या त्या दट्ट्यावर साधारण ९५ किलोचा भार येतो. दांड्याची तरफ तो भार आठ पटीने हलका करते. म्हणजे आजीच्या हाताला उरतात बारा किलो. शाळेत तरफेचे प्रकार पाठ करून मी मार्क मिळवले होते. दारातली तरफ दिसली नाही ती नाहीच.

या हापशाचं कूळही आपल्याच मातीतलं आहे. आपल्याकडे जमिनीखाली काळा बेसाल्ट. खडक फोडणारी यंत्रं आली, ७२ चा दुष्काळ आला, बोअर वाढले. पण वरचे पंप टिकेनात. परदेशी पंप एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेले, आणि आपल्याकडे एकावर अख्खं गाव. सत्तरीच्या दशकात युनिसेफने पाहणी केली तेव्हा बरेचसे पंप बंद आढळले. त्यातल्या त्यात तग धरून होता तो जालन्याच्या पंपापाठोपाठ आलेला 'सोलापूर पंप'. तोच पाया धरून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास या सरकारी कारखान्यात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. कोइमतूरजवळच्या गावांत त्याची परीक्षा झाली. पेटंटच्या कुलपात तो ठेवला नाही, म्हणून आज आफ्रिकेतल्या गावांतही हाच हापसा दिसतो. पुढे 'मार्क थ्री' आला. त्यात पाइप रुंद केला, म्हणजे सगळे पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येतो आणि वॉशर गावातल्या गावात बदलता येतो. दुरुस्ती गावाच्या हातात यावी, हा विचार त्या रुंदीत आहे.

आपल्या पिढीबद्दल माझी तक्रार इथेच आहे, आणि त्यात मी पहिली. वस्तू चालते तोवर आपण तिच्याकडे बघत नाही आणि बंद पडली की 'गेली' म्हणतो. चार्जर गेला, मिक्सर गेला, पंखा गेला. काय गेलं, हे विचारायचं सुचत नाही. सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं असं मी म्हणत नाही. माझ्या हातात पाना दिला तर मामाच पळून जातील. पण घरातला कुकर घ्या. शिटी हातात घ्या, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह शोधा, रबरी गॅसकेट काढून परत बसवा आणि यातलं काय झिजलं तर काय होईल, ते आईला विचारा. तिला बहुतेक माहीत असतं. तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

नवा वॉशर बसला, पाइप परत उतरले. संध्याकाळी मी वहीत हिशेब मांडला: सिलिंडरची रुंदी, दट्ट्याची चाल, एका हापशाला जवळजवळ ४०० मिली पाणी. पंधरा लिटरच्या हंड्याला ३८ वेळा हापसावं लागणार. मोठ्या ऐटीत आजीला सांगितलं.

तिने हंडा खाली लावला, पदर खोचला.

"अडतीस नाय गं, चाळीस. पहिले दोन बिनपाण्याचे जात्यात."