पापणी पडली तर जायचं कुणाकडे?

लग्नसराई जवळ आली की मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा इथल्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. फेशियल आणि मेहंदीच्या गप्पांत आता बोटॉक्सचं नावही निघतं. कपाळावरच्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेघा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या या इंजेक्शनने पंधरवड्यात सपाट होतात, आणि त्याची ओढ नवरीपेक्षा नवरीच्या आईला, मावशीला जास्त असते. उन्हात टोमॅटोची तोडणी करताना डोळे बारीक करून जिची वीस-पंचवीस वर्षं गेली, तिला लेकीच्या लग्नात चारचौघींसारखं दिसावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? केसांना कलप चालतो, तोंडात कवळी चालते. मग सुईवरच नाकं मुरडण्याचं कारण नाही. तिचा पैसा, तिचा चेहरा.

पण कलप चुकला तर केस कापता येतात, या सुईचं तसं नाही. ती औषधाची सुई आहे, आणि ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. बोटॉक्समधलं बोट्युलिनम हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत होती, त्यामागे हेच होतं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारं रसायन मज्जातंतूच्या टोकातून बाहेर पडतं. हे विष ते बाहेर पडूच देत नाही. स्नायू ढिला पडतो आणि त्याच्यावरची आठी मोडते.

आपल्या भागाला ही गोष्ट वेगळ्या वाटेने चांगलीच ठाऊक आहे. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि मग माणसाच्या पापण्या मिटायला लागतात. घरची माणसं म्हणतात, ‘डोळे उघडेनात.’ तिथून पुढे गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो आणि शेवटी श्वास अडतो. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात इतकी वर्षं घातली, त्यामुळे पडलेल्या पापणीचा अर्थ इथल्या कित्येकांना कळतो. मण्यारीच्या विषाचा मुख्य घाव मज्जातंतूच्या त्याच टोकावर बसतो. सुरकुत्यांच्या सुईला म्हणून सापाचा दंश ठरवणं अन्यायाचं होईल. तिथे मात्रा अगदी बारीक असते आणि ती नेमक्या स्नायूत सोडलेली असते. पण सुई जरा खाली गेली, औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूत उतरलं, तर दिसणारं चित्र तेच. ते तेवढ्यावर थांबतं की पुढे सरकतं, हे ओळखता आलं पाहिजे.

नीट केलेल्या कामात धोका किती? भुवयांमधल्या रेघांसाठी ठरलेली मात्रा २० युनिट, पाच टोचण्यांत. ज्या चाचण्यांवर अमेरिकेत २००२ साली या वापराला परवानगी मिळाली, त्यांत पापणी पडण्याचं प्रमाण १०० मागे ३ च्या आसपास होतं. ती काही आठवड्यांत आपोआप वर येते, कारण औषधाचा अंमलच तीन-चार महिन्यांचा. डोकेदुखी, टोचल्या जागी काळं-निळं होणं, एक भुवई वर नि एक खाली, ओठांजवळ टोचलं असेल तर हसू वाकडं होणं हेही याच घरातलं. २००९ पासून तिथे औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापावा लागतो, की विषाचा परिणाम टोचल्या जागेपासून लांब पसरून गिळायला आणि श्वासाला अडचण होऊ शकते. त्याच पत्रकात हेही नोंदवलेलं आहे, की चेहऱ्यावरच्या ठरलेल्या मात्रेत असं गंभीर प्रकरण निश्चितपणे सिद्ध झालेलं नाही. तिरळेपणा, डोळ्यांची सततची फडफड, जुनी अर्धशिशी, मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेले मुलांचे पाय यांवरही हेच औषध देतात, आणि आखडलेल्या पायांसाठी तर पुष्कळ मोठ्या मात्रेत. तेव्हा ‘विष आहे, शिवू नका’ हा सल्ला मला पटत नाही.

भीती आहे ती वेगळ्या जागी. अमेरिकेत २०२४ साली बनावट किंवा दवाखान्याबाहेर टोचलेल्या इंजेक्शनांमुळे ११ राज्यांत २२ जणांना त्रास झाल्याची नोंद झाली, त्यांतल्या निम्म्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. इंग्लंडमध्ये २०२५ च्या ४ जून ते १४ जुलै या काळात अशा इंजेक्शनांतून विषबाधेची ३८ प्रकरणं नोंदली गेली. जिथे अशा प्रकरणांची निदान नोंद तरी होते, तिथे हे घडलं. इथे कुणी हॉलमध्ये एका दिवसाचं ‘ब्युटी शिबिर’ भरवलं आणि पिशवीतून कुपी काढली, तर ती खरी की खोटी हे कोण बघणार? खऱ्या कुपीच्या तळाशी पांढरी पूड इतकी पातळ बसलेली असते की कुपी रिकामी वाटते. ती २ ते ८ अंशांत थंड ठेवायची असते, टोचण्याआधी सलाइनमध्ये विरघळवायची असते, आणि पाणी किती घातलं यावर सगळं गणित उभं असतं. पाणी जास्त झालं की औषध पसरतं आणि पैसे युनिटचे गेले तरी गुण येत नाही. स्वस्त दराची जाहिरात पाहताना हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक घोळ. गाल भरण्याचं, ओठ फुगवण्याचं फिलर म्हणजे बोटॉक्स नव्हे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून मरते, क्वचित दृष्टी कायमची जाते. तिथे तासाचा हिशेब असतो आणि ते विरघळवणारं इंजेक्शन हाताशी लागतं. दोन्हींना एकच नाव देऊन विकणाऱ्याकडून उठून यावं, हे मी आडपडदा न ठेवता सांगते.

खरा पेच पुढे आहे. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाचा हात सरावलेला, पण मंचर तिथून साठ किलोमीटर, नारायणगाव पाऊणशे, जुन्नर नव्वदीच्या घरात आणि मध्ये चाकणची कोंडी. या औषधाचा त्रास खुर्चीतून उठताना दिसत नाही. पापणी पडते ती चार-आठ दिवसांनी, घरी आल्यावर, स्वयंपाकघरात. मग जवळच्याच कुणाकडे का करू नये, असं वाटणं साहजिक आहे, आणि पुण्याच्या वाऱ्या ज्यांना परवडत नाहीत त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तरी माझा कौल लांबच्या सरावलेल्या हाताला आहे, एका अटीवर: पंधराव्या दिवशी त्याच डॉक्टरकडे परत जायची तयारी आधीच करावी. तेवढी फेरी जमणार नसेल तर पहिलीही करू नये. जवळच प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ असेल तर प्रश्नच मिटला. पार्लरच्या ताईंचं कसब मी मानते, पण सुई हे त्यांचं काम नव्हे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर हे मुळीच करू नये. निळा डाग किंवा वाकडी भुवई हळदीच्या फोटोंत कायमची राहील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, स्नायूंच्या मायस्थेनियासारख्या आजाराच्या रुग्णांनी लांबच राहावं. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगावं. आणि मात्रा कमीच मागावी. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या गावाला भुवईच्या एका हालचालीत किती बोलता येतं हे शिकवावं लागत नाही. अति सैल पडलेल्या कपाळाला ते जमत नाही.

राहिली व्यवस्थेची बाजू. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात पडलेल्या पापण्या घेऊन कुणी आली, तर दंशाच्या खुणा शोधताना ‘महिनाभरात चेहऱ्यावर सुई घेतली का?’ हेही विचारलं जावं. बाई लाजेने सांगत नाही, नवऱ्यासमोर तर नाहीच. तिला बाजूला घेऊन विचारावं. गिळताना अडकतंय, बोलणं जड झालंय, दम लागतोय, यांतलं काहीही असेल तर तिला घरी न पाठवता कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं. या विषावरचा उतारा तालुक्याच्या फ्रिजमध्ये सापडणारा नाही, सर्पदंशाची लस इथे उपयोगाची नाही. आणि टोचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने औषधाचं नाव, बॅच क्रमांक, युनिट, टोचल्याच्या जागा आणि तारीख लिहिलेलं कार्ड बाईच्या हातात द्यावं. ते मागायला तिने संकोचू नये, आणि जो देणार नाही त्याच्यासमोर कपाळ पुढे करू नये.