लॅपटॉपचा ओटा आणि पिठाचा कोंबडा



मागच्या वर्षी चातुर्मास बसायच्या आधी आमच्या घरी पंधरा दिवस एकच विषय होता, धाकट्याचा लॅपटॉप. २०१७ साली थोरलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला घेतलेला. गेमिंगचा म्हणून महागातला, जाडजूड, चालू केला की पंख्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत. थोरली नोकरीला लागली, तिला कंपनीने दुसरा दिला आणि हा धाकट्याकडे आला. आता तो सारखा अडकायचा. प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर आणि सोबत ब्राउझर उघडला की माउससुद्धा हलायचा नाही. आमचे हे लगेच दुकानात जाऊन नव्याचा भाव काढून आले. ८५ हजार.

मी म्हटलं, थांबा. आधी याचं दुखतंय कुठे ते तरी बघू.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. पण मिक्सर बंद पडला तर आपण नवा आणतो का? आधी कार्बन गेलाय का बघतो. कुकरची शिट्टी होईना तर रिंग बदलतो. मग लॅपटॉपपुढेच आपण हात का जोडतो? मुलगा म्हणतो जुना झाला, दुकानदार म्हणतो नवा घ्या, आणि आपण एफडी मोडायची का याचा विचार करत बसतो.

थोरलीने फोनवरून सांगितलं तसं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी बघायची. ८ जीबीपैकी ९० टक्क्यांच्या वर भरलेली, आणि खाली लिहिलेलं की दोन स्लॉटपैकी एकच वापरात आहे. म्हणजे एक जागा आठ वर्षं रिकामीच!

तिने मला समजावलं ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की एक भाजी चिरून झाली की ती कोठीत ठेवायची, पीठ मळायला परात आणायची, परत भाजी हवी की परात आत नेऊन भाजी बाहेर. अर्धा वेळ येरझाऱ्यातच. लॅपटॉपही रॅम भरली की तसंच करतो, सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि हवं तेव्हा परत आणतो. फिरती जुनी डिस्क असेल तर ही कोठी परसाच्या टोकाला आहे असं समजा.

उत्साहात मी स्वतः रॅम आणायला गेले आणि फसले. दुकानदाराने न विचारता डीडीआर३ ची पट्टी दिली, मीही न विचारता घेतली. आमच्या लॅपटॉपला लागते डीडीआर४. घरी येऊन बघतो तर बसेचना. बरं झालं बसली नाही. दोन्हींच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एकीला २०४ टोकं आणि दुसरीला २६०, म्हणजे चुकीची बसूच नये अशी सोय आहे. धाकटा जोर लावायला निघाला होता, त्याचा हात धरला. परत करताना दुकानात जी बोलणी झाली ती इथे लिहीत नाही, माझाच क्रोध कषाय वाढतो. तुम्ही मात्र जुनी पट्टी काढून सोबत न्या, नाहीतर तिच्यावरच्या लेबलचा फोटो तरी न्या. आमची डीडीआर४, २४०० वेगाची, ८ जीबी. तशीच दुसरी घेतली. दोन्ही सारख्या असल्या की दोन वाटांनी काम होतं. वेग वेगळे असतील तर दोन्ही हळू असणारीच्या चालीने चालतात.

बसवायला वीस मिनिटं लागली. चार्जर काढला, पूर्ण बंद केला, तळाचे स्क्रू एका वाटीत ठेवले, कडा जुन्या एटीएम कार्डने सोडवल्या. आधी बॅटरीची वायर काढायची. मग जवळच्या धातूच्या वस्तूला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज जाते. पट्टी तिरपी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक्‌ करून लागतात. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही वेळ काळाच राहिला. ती नवीन मेमरी ओळखून घेत असते म्हणे, पण त्या अर्ध्या मिनिटात माझा णमोकार दोनदा म्हणून झाला.

१८०० रुपये. प्रोजेक्ट आणि ब्राउझर आता एकत्र चालतात. (२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून. तुम्हाला जास्त पडतील, तरी नव्या लॅपटॉपच्या मानाने काहीच नाहीत.)

खोटं मात्र सांगणार नाही. गेम फार पळायला लागले नाहीत. ग्राफिक्स कार्डाची मेमरी वेगळी असते, ती रॅमने वाढत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, तिथे हा उपायच नाही. आणि आमच्यासारखा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेची मुदतवाढ आम्ही घेतली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पुढे लिनक्स टाकू असं धाकटा म्हणतो. तोवर बघू.

तरी माझं मत ठाम आहे. परिग्रह परिमाण आपण जमीन, सोनं, साड्या यांचं करतो, पण घरातल्या मशिनांची मोजदाद कोण ठेवतं? आमच्या कपाटात चार बंद मोबाईल आहेत. प्रत्येक नव्या वस्तूसाठी कुठेतरी खाण खणली जाते, पृथ्वीकाय जीवांचा घात होतो, आणि बिलावर तो दिसत नाही. कंजूसपणाला धर्माचं नाव देते असं हे मला म्हणाले. थोडं खरंही असेल.

पण सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मला जास्त लागला. रॅम बसवत होतो तेव्हा त्या शेजारी जप करत बसल्या होत्या. माळ ठेवून म्हणाल्या, "अगं, त्या खेळात तो माणसं मारतो ना? मग त्याला आणि खुराक कशाला घालतेस?"

धाकटा म्हणाला, "आजी, ती खरी नसतात."

"यशोधर राजाचा कोंबडा तरी खरा होता का? पिठाचाच होता."

तो गप्प झाला, मीही. लहानपणापासून बस्तीत ऐकलेली गोष्ट. पिठाचा कोंबडा कापला, पण मारण्याचा भाव खरा होता म्हणून राजाला आणि त्याच्या आईला किती भव फिरावं लागलं. आई! ती गोष्ट ऐकताना आईकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तिनेच आग्रह केला होता. आणि इथे स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात.

दशलक्षणाचे दहा दिवस त्याने तो खेळ उघडला नाही, कुणी न सांगता. क्षमावाणीला आजीच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवण लवकर आटोपून खोलीत गेला, आणि पंख्याचा तो ओळखीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भांडी आवरत राहिले. त्याच्याशी काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये. तुमच्या घरी हा प्रश्न आला असेल तर तुम्ही काय केलंत, मला कळवा.