गाणे औषध नव्हे, पण उपचारात हवे

औंध म्हटले की यमाई, संग्रहालय आणि सूर्यनमस्कार आठवतात. संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, १९३८ मध्ये चित्रसंग्रहालय उभारले. पंडित अंतूबुवा जोशी यांनी गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये येथेच संगीतोत्सव सुरू केला. व्यायाम, चित्र आणि गाणे असे एकाच गावात नांदले. मात्र आरोग्याचा मान मिळाला तो फक्त व्यायामाला. चित्र पाहुण्यांसाठी आणि गाणे उत्सवासाठी राहिले. ही वाटणी आता बदलायला हवी.

कलेचा आरोग्याला उपयोग होतो, हे आता केवळ रसिकांचे मत राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या विषयावरील ९००हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला. आजार टाळणे, दीर्घ आजार सांभाळणे आणि मनाला उभारी देणे या तिन्ही बाबतींत कलेची मदत होते, असे त्यात दिसले.

त्याहून बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. करोनानंतर दम लागण्याचा त्रास रेंगाळलेल्या १५० रुग्णांवर तेथे एक चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा आठवडे ऑनलाइन गायन आणि श्वासाचे धडे देण्यात आले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा या रुग्णांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले आणि दम लागण्याच्या त्रासातही काहीसा उतार होता. शारीरिक क्षमतेत मात्र फारसा फरक नव्हता. हे दोन्ही निष्कर्ष सारखेच महत्त्वाचे. गाण्याने फुप्फुस बरे होत नाही. पण दम कोंडल्याची भीती कमी झाली की माणूस घराबाहेर पडतो, चालतो, औषधही वेळेवर घेतो.

खटाव, आटपाडीकडच्या गावांना याची गरज कमी नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांना उतारवयात दम लागतो. मुले मुंबई-पुण्याला किंवा गलाई व्यवसायासाठी परराज्यात. घरी उरतात म्हातारा-म्हातारी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दूरदर्शन संच. डॉक्टर गोळी लिहून देऊ शकतात, एकटेपणावर काय लिहून देणार?

उत्तर गावातच आहे. जवळपास प्रत्येक गावात भजनी मंडळ असते, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आजीबाई असतात. आरोग्य केंद्रांत योगाचे वर्ग घेतले जातात. त्याच धर्तीवर आठवड्यातून एकदा तासभर गाण्याची किंवा चित्रांची बैठक का नसावी? आशाताईंना घरोघरचे रुग्ण माहीत असतात. त्यांनी बोलवायचे, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायचे, गावच्या कलावंताने चालवायचे. त्या कलावंताला मानधन मात्र मिळालेच पाहिजे. फुकटची सेवा चार महिन्यांत आटते.

काही पथ्ये पाळावी लागतील. अमुक राग ऐकला की साखर उतरते, असले दावे दारातच अडवावेत आणि कोणाचीही गोळी बंद करू नये. बैठक एकाच धर्माच्या किंवा पंथाच्या गाण्यांची नसावी. ज्याला भजन नको, त्याला लावणी, पोवाडा, रंग-कुंचला मिळावा. पाहुण्या कलावंताने गायचे आणि रुग्णांनी टाळ्या वाजवायच्या, असेही होऊ नये. रुग्णाचा स्वतःचा गळा, स्वतःचा हात चालला पाहिजे. आणि सहा महिन्यांनी हिशेब मांडावा : किती जण टिकले, सहा मिनिटांत किती पावले चालले, गोळ्या किती नियमित घेतल्या. फायदा दिसला नाही तर बैठक बंद करण्याची तयारीही हवी.

बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार वर्षातून एकदा सोहळ्यात घालायला सांगितले नव्हते. रोज घालायला सांगितले होते. कलेलाही तोच नियम लागू पडतो. वार्षिक मैफलीने गावाचे नाव होते. दम्याच्या आजीला मात्र दर बुधवारी, घराजवळ, चारचौघींबरोबर गायला मिळाले पाहिजे.