नातवाने आणलेली रंगीत नळी



चार महिन्यांपूर्वी बहात्तर वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ सूनबाईंसह माझ्या दवाखान्यात आले. शिंदखेडा तालुक्यातील एका लहान गावचे रहिवासी. चाळीस वर्षे विडी ओढलेली, त्यामुळे फुप्फुसांचा जुनाट विकार जडलेला. धाप लागणे त्यांना नवीन नव्हते. या वेळची तक्रार मात्र निराळी होती : छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि रात्रभर झोप नाही. नाडी मिनिटाला एकशे दहाच्या घरात होती आणि रक्तदाबही वाढलेला होता.

"विडी किती चालू आहे?" मी विचारले.

"अर्ध्यावर आणली!" ते अभिमानाने म्हणाले.

सूनबाईंनी न बोलता पिशवीतून एक रंगीत नळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दिसायला एखाद्या जाड पेनासारखी, वास पिकलेल्या आंब्याचा. "डॉक्टरसाहेब, आबा आता हे ओढतात. पुण्याला शिकणाऱ्या नातवाने आणून दिले. यात नुसती वाफ असते, विडी आपोआप सुटेल, असे तो म्हणाला."

ती ई-सिगारेट होती, तरुण मुलांच्या भाषेत 'व्हेप'. विडी ओढायची तर अंगणात जावे लागे, काडी पेटवावी लागे. या नळीला काडी लागत नाही, राख पडत नाही. त्यामुळे आबा दिवसा शेतात विडी ओढत आणि रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ही नळी. विडी अर्ध्यावर आली होती, पण निकोटिन कमी झाले नव्हते. ते वाढलेच असावे, असे त्यांची नाडी सांगत होती.

नातवावर रागावू नका, असे मी सूनबाईंना सांगितले. आजोबांची धाप पाहून त्या मुलाचा जीव कळवळला होता. त्याचा हेतू चांगला होता, साधन चुकीचे होते. अशीच चूक आपल्याही घरी होऊ शकते, म्हणून आजचा हा लेख.

नळीत असते तरी काय?

हे उपकरण प्रचारात आणण्याचे श्रेय होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाला दिले जाते. साल २००३ च्या सुमाराचे. ते स्वतः धूम्रपान करीत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. नळीत एक बॅटरी, एक तापणारी तार आणि थोडा द्रव असतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुधा निकोटिन असते. तार तापली की द्रवाचे बारीक तुषार होतात आणि तेच छातीत ओढले जातात.

येथे काही जळत नाही, हे खरे. त्यामुळे विडीच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्या प्रमाणात नसतात. परंतु ही चहाच्या कपावरची वाफ नव्हे. तिच्यात अतिसूक्ष्म कण असतात, द्रव तापल्याने तयार होणारे फॉर्मल्डिहाइडसारखे दाहक पदार्थ असतात, तारेतील धातूंचे अंशही सापडतात. आधीच दुखावलेल्या फुप्फुसांना हे मानवत नाही. निकोटिनचे काम तर विडीत जे, तेच येथेही : नाडी वाढवणे, रक्तवाहिन्या आकुंचित करणे आणि मेंदूला आपली सवय लावणे.

कोणी म्हणेल, ब्रिटनमध्ये तर तेथील आरोग्यसेवाच सिगारेट सोडण्यासाठी हे साधन सुचवते. तेही खरे आहे. पण तेथे ते नियंत्रणाखाली विकले जाते, आणि अट अशी की सिगारेट पूर्णपणे थांबली पाहिजे. आबांसारखे दोन्ही चालू ठेवले, तर धुराचे नुकसान होतच राहते.

आपल्याकडे तर या उपकरणावर बंदीच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांस मनाई आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे नातवाने आणलेली नळी चोरट्या वाटेनेच आली. तिच्यातील द्रव कोणी तपासलेला नाही. असा द्रव काय करू शकतो, हे अमेरिकेत २०१९ मध्ये दिसले. दोन हजार आठशेहून अधिक लोक फुप्फुसांच्या गंभीर इजेने रुग्णालयात दाखल झाले आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेकांनी अनधिकृत बाजारातील, गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता.

आपल्या घरातील तंबाखू

येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. खानदेशातल्या घरांमध्ये तंबाखू धुरातून कमी आणि तोंडातून अधिक येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होत्या. ओढणारे केवळ ३.८ टक्के होते. धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के. चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी, तपकीर आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा, हे सारे त्यात आले.

माझी आई मशेरी लावीत असे. मी वैद्यकीय महाविद्यालयात अनोळखी रुग्णांना तंबाखूविषयी प्रश्न विचारून वही भरीत होतो, सुट्टीत घरी आल्यावर मात्र आईला कधी विचारले नाही. मशेरी ही मला तंबाखू वाटतच नव्हती, ती सकाळच्या अंघोळीसारखी एक रीत होती. पुढे तिच्या गालाच्या आतील बाजूस पांढरा चट्टा दिसला, तेव्हा डोळे उघडले. तो वेळीच तपासला गेला आणि निभावले. आजही कित्येक माता-भगिनी सांगतात की मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. निकोटिन आतड्यांना चालना देते, हे खरेच. पण त्यासाठी तोंडात कर्करोगाला जागा देण्याची गरज नाही. सकाळी कोमट पाणी, भाकरी, पालेभाजी आणि चार पावले चालणे यांनी ते काम होते.

सोडण्याची वाट

आबांनी शेवटी तोच प्रश्न केला, जो प्रत्येक वृद्ध रुग्ण करतो : "आते या वयमा सोडीसन काय करनं?" उत्तर ठाम आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचेही आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलेले आढळले. बहात्तराव्या वर्षी वर्षांचा हिशेब धरू नका, श्वासाचा धरा. फुप्फुसांची झीज मंदावते, खोकला कमी होतो, हृदयावरचा ताण उतरतो.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी काही सूचना :

१. विडी किंवा मशेरी लपवून ठेवू नका. रुग्णाच्या संमतीने एक दिवस ठरवा. आषाढी एकादशी, नातीचा वाढदिवस, कोणताही चालेल. त्या दिवसापासून पूर्ण बंद.

२. पहिला आठवडा सर्वांत कठीण. चिडचिड, बेचैनी, बद्धकोष्ठता होते. दोन ते चार आठवड्यांत ती ओसरू लागते. वडीलधारी माणसे या काळात ओरडली, तर ते मनावर घेऊ नका.

३. तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ बडीशेप, ओवा, लवंग, पाण्याचे घोट किंवा अंगणातली एक फेरी.

४. निकोटिनचा च्युइंग गम किंवा त्वचेवर लावायचा पॅच डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतो. गम सतत चघळायचा नसतो. थोडा चावून जिभेला झणझण लागली की गालात धरावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. कवळी असणाऱ्यांना पॅच सोयीचा. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असल्यास आधी विचारावे.

५. हे विशेष लक्षात ठेवा : दम्यासाठी थिओफायलिन असलेली गोळी चालू असेल, तर विडी बंद झाल्यावर तिचे रक्तातील प्रमाण वाढते. मळमळ, धडधड होऊ शकते. म्हणून सोडण्याचा दिवस डॉक्टरांना आधी कळवा, मात्रा बदलावी लागते.

६. घरात अशी नळी असल्यास ती चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, बॅटरी फुटते. लहान मुलांपासून दूर ठेवा. आतील द्रव पोटात गेला, तर मुलाच्या जिवावर बेतू शकते.

७. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यवाणी १८००-११-२३५६ ही निःशुल्क आहे. फोन करण्यात कमीपणा नाही.

८. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित तपासून घ्या.

आबांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. त्यांच्यासमोरच मी नातवाला फोन लावला. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, "डॉक्टर, ती नळी आधी मीच ओढत होतो." आबांनी फोन हातात घेतला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू सोड, मीबी सोडस."

दोघांनी एकच दिवस ठरवला. आबा दोनदा घसरले, नातू एकदा. दर रविवारी संध्याकाळी दोघे फोनवर एकमेकांना हिशेब देतात. मागच्या खेपेला आबा तपासणीस आले तेव्हा विडीला हात न लावून त्यांना एकेचाळीस दिवस झाले होते. नाडी ब्याऐंशी. दवाखान्याच्या पायऱ्या ते मध्ये न थांबता चढले होते, आणि ही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली.

आपल्याही घरात कोणी असेल, तर आज रात्री जेवताना विचारा. रागाने नको, आपुलकीने विचारा.