यंत्राच्या कारकुनाला गुपित सांगावे काय?

वकिलाकडे जाणाऱ्या माणसाचे पहिले वाक्य बहुधा त्याच्या आयुष्यातील अत्यंत खासगी वाक्य असते. नवरा मारहाण करतो. भावाने वडिलांची सही खोटी केली. माझ्या गाडीखाली माणूस आला. पूर्वी हे वाक्य वकिलासमोर, फार तर त्याच्या कारकुनापाशी उच्चारले जाई. आता ते वकिली कार्यालयाच्या संकेतस्थळावरील फॉर्मच्या चौकटीत टंकले जाते, आणि तेथून त्याचा पुढचा प्रवास एपीआयच्या मार्गाने होतो.

एपीआय म्हणजे दोन संगणक प्रणालींनी एकमेकींशी कसे बोलावे याचा ठरलेला संकेत. कॅनडात २००८ साली सुरू झालेल्या ‘क्लिओ’ या वकिली व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. तेथे नव्या चौकशीची नोंद ‘लीड’ म्हणून होते. बाहेरची प्रणाली नाव, ईमेल, दूरध्वनी क्रमांक, संदेश आणि चौकशी कोठून आली ही माहिती एका सांकेतिक टोकनसह धाडते; पलीकडे नोंद आपोआप तयार होते. नाव दोनदा टंकावे लागत नाही, चौकशी कोणाच्या टेबलावर पडून राहत नाही. हा लाभ खराच आहे, आणि दाव्याची मुदत संपत आलेल्या माणसासाठी तो लहानही नाही.

मात्र फॉर्म आणि हे सॉफ्टवेअर यांच्यामध्ये पुष्कळदा तिसरीच एखादी जोडणी सेवा असते. मग त्या खासगी वाक्याची एक प्रत फॉर्मच्या सेवेत, दुसरी मध्यस्थाच्या कामकाज नोंदीत, तिसरी कार्यालयाला गेलेल्या ईमेलमध्ये उरू शकते. वकिलाने ते वाचण्यापूर्वीच!

या प्रतींना कायद्याचे कवच आहे काय? वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचे संरक्षण पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १२६ व १२७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले. कायदा वकिलाबरोबर दुभाषे, कारकून आणि कर्मचारी यांनाही बांधून घेतो. परदेशी सर्व्हरवर चालणारी जोडणी सेवा यांपैकी कोण? ती कारकुनाचेच काम करते, हे खरे. पण त्या यादीत तिचे नाव नाही. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हे संरक्षण वकील म्हणून सेवा देण्याच्या ओघात आणि त्या सेवेसाठी झालेल्या संभाषणाला मिळते. ‘लीड’ या नोंदीचा अर्थच मुळी ‘अद्याप अशील नाही’ असा. म्हणजे सॉफ्टवेअरने चिकटवलेले नावच उद्या त्या माणसाविरुद्ध युक्तिवाद म्हणून उभे राहू शकेल. न्यायालय उदार अर्थ लावीलही, परंतु तो लावून घेण्याची किंमत एखाद्या अडचणीतील माणसाने का मोजावी?

‘लीड’ हा शब्दही विक्रीच्या व्यवसायातून आलेला आहे. अमेरिकेत १९७७ च्या बेट्स खटल्यानंतर वकिलांना जाहिरातीची वाट मोकळी झाली. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम ३६ काम मागत फिरण्यास मनाई करतो. २००८ पासून संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची तेवढी मुभा आहे. तेव्हा पाठपुराव्याची स्वयंचलित पत्रे धाडणारी सोय जशीच्या तशी चालू ठेवणाऱ्या भारतीय वकिलाने हा नियम एकदा पुन्हा वाचलेला बरा.

माझ्या मते उपाय प्रोग्रामरच्या हाती आहे, आणि तो सोपा आहे: ‘संदेश’ हे क्षेत्र जोडूच नये. पहिल्या विनंतीत नाव, संपर्क, विषयाचा प्रकार आणि विरुद्ध पक्षाचे नाव एवढेच जावे. यांतील शेवटची बाब अत्यावश्यक आहे, कारण समोरचा पक्ष आपलाच अशील निघाला तर वकिलाने कहाणी ऐकण्यापूर्वीच थांबायला हवे. तातडीची प्रकरणे यातून ओळखू येणार नाहीत, असा आक्षेप येईल. त्यासाठी न्यायालयाच्या पुढील तारखेची एक चौकट पुरते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. त्याच्या कलम ६ नुसार संमती हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते, आणि तेथे दिलेल्या उदाहरणात दूरवैद्यकीय ॲपला रुग्णाची संपर्क यादी मागण्याचे कारणच उरत नाही. वकिलाची भेट ठरविण्यासाठी तरी सगळी कैफियत कशाला?

अशा जोडण्या पुष्कळदा प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतल्या जातात, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. चाचणी करताना खऱ्या माणसांच्या नोंदी वापरू नका, बनावट नावे तयार करा. आणि जोडणी चालू झाल्यावर मध्यस्थ सेवेतील जुन्या नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात, हे कार्यालयातील वकिलाला लेखी विचारा.